नाव विसरलेल्या पुस्तकाचा शोध

सुपे हे नाव कानावर पडले की बहुतेक मराठी माणसांना पुणे-सुपे परगणा आठवतो. शहाजीराजांच्या जहागिरीतले ते गाव आज पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांमुळे ते सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु त्याच नावाशी जुळणारे दुसरे एक गाव दक्षिणेस, सह्याद्रीच्या दाट रानात, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते. त्याचे नाव सुपा. 'होते' असे म्हणण्याचे कारण इतकेच, की आज ते गाव पाण्याखाली आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले, त्याचे काम १९८७ मध्ये पूर्ण झाले, आणि तालुक्याची कचेरी, बाजार, देवळे व घरे यांसह ते गाव जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे जोयडा येथे हलविण्यात आले. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली. धरणाला मात्र सुप्याचेच नाव राहिले.

आज ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे तो धरणाचा नव्हे, पुस्तकाचा आहे. लहानपणी वाचलेले एखादे पुस्तक उतारवयात एकाएकी आठवू लागते. त्याचे नाव आठवत नाही, लेखक तर मुळीच आठवत नाही. आठवते ते एवढेच, की पुठ्ठा तांबडा होता, एका चित्रात माणूस दिव्यापाशी बसून नाणी मोजीत होता, आणि ती गोष्ट वाचून आपल्याला रडू आले होते. एवढ्या तुटपुंज्या खुणांवरून पुस्तक सापडू शकेल काय? सापडू शकते, आणि पुष्कळदा सापडते. मात्र त्यासाठी मराठी छपाईचा, शाळांचा आणि ग्रंथसूचींचा थोडासा इतिहास ठाऊक असावा लागतो. तो इतिहास सुप्यासारख्या सीमेवरच्या गावाच्या निमित्ताने पाहिला असता अधिक स्पष्ट होतो, कारण तेथील मुलाच्या हाती कोणते पुस्तक पडावे हे राज्यकारभाराच्या प्रत्येक फेरबदलाबरोबर बदलत गेले आहे.

हा शोध केवळ हौसेचा आहे असे कोणी समजू नये. ज्या माणसाचे घर, शाळा आणि खेळण्याचे अंगण सर्वच पाण्याखाली गेले, त्याला आपल्या बालपणाकडे परत जाण्यासाठी वाट अशी उरलेली नसते. इतर माणसे गावी जाऊन शाळेच्या भिंतीला हात लावून येतात. सुप्याच्या माणसाला ती सोय नाही. परंतु पुस्तक ही वस्तू एकाच प्रतीत जन्मत नाही. ज्या पुस्तकाची प्रत सुप्यात बुडाली किंवा स्थलांतराच्या धांदलीत हरवली, त्याच छापाची दुसरी प्रत मुंबईत, पुण्यात, बेळगावात किंवा पणजीत एखाद्या कपाटात असू शकते. सुप्याच्या बाबतीत गाव गेले आणि नाव राहिले. या पुस्तकाच्या बाबतीत नाव गेले आहे, पण पुस्तक राहिले असण्याचा संभव आहे.

अडचण येते ती अशी. ग्रंथालयाची सूची ग्रंथनाम, ग्रंथकार आणि विषय या तीन वाटांनी चालते. माणसाची स्मृती नेमक्या या तीन गोष्टी टाकून देते आणि सूचीला नको असलेल्या गोष्टी जपून ठेवते. चित्र, वास, पुठ्ठ्याचा रंग, एखादे वाक्य ऐकताना बसलेली भीती, पुस्तक कोणी दिले आणि कोणी हिसकावून घेतले, हे सारे तिला आठवते. तेव्हा शोध घेणाऱ्याचे पहिले काम म्हणजे स्मृतीच्या भाषेतील खुणांचे सूचीच्या भाषेत रूपांतर करणे हे होय. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. पुस्तक केव्हा वाचले? ते कोणत्या जातीचे पुस्तक होते? आणि गोष्ट मुळात कोणाची होती?

पहिला प्रश्न काळाचा. सुप्याचा मुलूख, म्हणजे उत्तर कानडा जिल्हा, १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता. त्या वर्षी तो मुंबई इलाख्यात आला, आणि मुंबईच्या शिक्षणखात्याची पुस्तके या रानापर्यंत पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. घरी कोकणी, बाजारात मराठी आणि कानडी, अशा या पट्ट्यात मराठी शिकणाऱ्या मुलाला तेच पुस्तक मिळे जे साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाला मिळे. ही क्रमिक पुस्तके ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते मेजर टॉमस कँडी म्हणजे मोल्सवर्थच्या प्रसिद्ध कोशाच्या कामातील सहकारी. विरामचिन्हांनी नटलेले व्यवस्थित मराठी गद्य महाराष्ट्रातील मुलांच्या अंगवळणी पाडण्यात या पुस्तकांचा वाटा फार मोठा आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या नवयुग आणि अरुण या वाचनमाला आल्या. त्यांनी उपदेशाची जागा पुष्कळ अंशी गंमतीला आणि ललित वाङ्मयाला दिली. म्हणून ज्याला धड्यांतून बोध आठवतो त्याचे पुस्तक बहुधा अलीकडचे नसते, आणि ज्याला हसू आठवते त्याचे बहुधा अत्रे यांच्या काळातले किंवा त्यानंतरचे असते. हा काही अचूक नियम नव्हे, पण सुरुवातीला तो उपयोगी पडतो.

यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख येते. राज्यपुनर्रचनेत उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. महाराष्ट्रात १९६७ च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती' हे नाव घरोघर पोचले. सीमेपलीकडच्या मराठी शाळांची पाठ्यपुस्तके मात्र कालांतराने त्या राज्याच्या सरकारकडून निघू लागली. याचा अर्थ असा, की १९५० साली सुप्यात शिकलेल्या आजोबांचे पुस्तक पुण्या-मुंबईच्या संग्रहात शोधावे. पण त्यांच्याच घरात वीस-पंचवीस वर्षांनी शिकलेल्या मुलाचे मराठी पुस्तक तेथे सापडेलच असे नाही, त्यासाठी बेंगळूरकडे पाहावे लागेल. भाषा एक, घर एक, पण पुस्तकांचे उगमस्थान निराळे. महाराष्ट्रातील शोधक येथे हमखास चकतो. सीमेपलीकडे त्याच भाषेची दुसरी पुस्तके असू शकतात ही गोष्ट त्याच्या ध्यानातच येत नाही.

गोव्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले होते. सुपा तालुक्यातील कॅसलरॉक हे स्थानक म्हणजे पोर्तुगीज मुलखाचा उंबरठा. त्या उंबरठ्यापलीकडे १९६१ पर्यंत परकी राज्य होते, तरीही तेथील खाजगी मराठी शाळांतून मुंबईचीच क्रमिक पुस्तके चालत. म्हणून सुप्याच्या वृद्धाला आठवणारा धडा पेडण्याच्या किंवा फोंड्याच्या वृद्धालाही आठवत असेल तर त्यात नवल नाही. राज्याच्या सरहद्दी आणि पुस्तकांच्या सरहद्दी एकमेकींशी जुळत नाहीत, हे शोध घेणाऱ्याने मनाशी पक्के धरावे.

काळ ठरविण्याची आणखी काही साधने स्मृतीतच दडलेली असतात. ती नेमके प्रश्न विचारून बाहेर काढावी लागतात. किंमत किती होती? ती आण्यांत आठवत असेल तर पुस्तक १९५७ पूर्वीचे मानावे, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. अक्षरांच्या डोक्यावर ठिकठिकाणी टिंबे होती काय? 'केलें', 'तेथें', 'नाहीं' अशी रूपे डोळ्यांपुढे येत असतील तर पुस्तक जुन्या वळणाचे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार हळूहळू पाठ्यपुस्तकांतून नाहीसे झाले. मोडी वाचनाचे धडे होते काय? असतील तर काळ आणखी मागे जातो, कारण स्वातंत्र्यानंतर मोडी लवकरच शाळेतून गेली. अक्षर एकसारखे ठसठशीत होते, की हाताने लिहिल्यासारखे वळणदार? वळणदार असेल तर ते शिळाप्रेसवर छापलेले, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातील, आजोबांच्याही आजोबांच्या पेटीतून आलेले पुस्तक असले पाहिजे. अशा चार प्रश्नांनी शंभर वर्षांचा पसारा दहा-पंधरा वर्षांवर येतो.

दुसरा प्रश्न जातीचा. मुलाच्या हाती पुस्तक येण्याचे मार्ग ठरलेले असत. शाळेचे क्रमिक पुस्तक हा एक मार्ग. शाळा तपासण्यास आलेल्या दिपोटींच्या हस्ते मिळालेले बक्षिसाचे पुस्तक हा दुसरा. त्याच्या आतल्या पानावर नाव, इयत्ता आणि तारीख घातलेली चिठ्ठी चिकटवलेली असे. तिसरा मार्ग मासिकाचा. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केले. त्यातून मुलांना चरित्रे, कविता आणि शास्त्रीय माहिती नेमाने मिळू लागली. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. पुढे १९५२ मध्ये 'चांदोबा' मराठीत आला आणि १९७१ मध्ये 'किशोर' निघाले. घरातील हौशी मंडळी वर्षभराचे अंक एकत्र बांधून ठेवीत. अशा बांधीव अंकाला मूल 'पुस्तक'च म्हणते. पुढे साठ वर्षांनी ते त्या 'पुस्तका'चा शोध ग्रंथसूचीत घेते आणि ते अर्थातच तेथे मिळत नाही. एकाच पुस्तकात गोष्ट, कोडे, थोर पुरुषाचे चरित्र आणि कविता अशी सरमिसळ आठवत असेल तर सूची बाजूस ठेवून मासिकांचे जुने अंक चाळावेत, हे उत्तम.

क्रमिक पुस्तकांची कथा तर याहून विलक्षण आहे. जी पुस्तके सर्वांत अधिक संख्येने छापली गेली तीच आज सर्वांत दुर्मिळ आहेत. कारण उघड आहे. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याकडे जाई, धाकट्याकडून शेजारच्या मुलाकडे, आणि तेथून त्याची पाने वाण्याच्या दुकानातील पुड्यांसाठी जात. ग्रंथपाललोकही काव्य, नाटक, कादंबरी जपून ठेवीत. पण तिसरीचे पुस्तक कपाटात ठेवण्याजोगे आहे असे फारच थोड्यांना वाटले. जी वस्तू सर्वांकडे आहे ती कोणीही जपत नाही. म्हणून क्रमिक पुस्तकाचा शोध मोठ्या ग्रंथालयापेक्षा जुन्या शाळेच्या अडगळीत, अध्यापन विद्यालयाच्या संग्रहात किंवा एखाद्या निवृत्त मास्तरांच्या माळ्यावर सफल होण्याचा संभव अधिक असतो.

तिसरा प्रश्न गोष्टीच्या मूळ घराचा. मराठी बालवाङ्मय हे प्रारंभापासून भाषांतराच्या अंगाखांद्यावर वाढले आहे. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक १८०६ मध्ये छापले गेले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' मराठीत आणले. ते इंग्रजीवरून केलेले, आणि इंग्रजी पुस्तक बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून झालेले. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या मुलांसाठी लिहिलेली गोष्ट दोन पायऱ्या उतरून दख्खनच्या मुलापर्यंत पोचली होती. त्यानंतर दक्षिणा प्राइज कमिटीने भाषांतरांना पारितोषिके देऊन त्या ओघाला आणखी बळ दिले. पात्रांची नावे, पोशाख आणि गावे बदलली की परकी गोष्ट आपली होऊन जाते, आणि वाचणाऱ्या मुलाला तिच्या जन्मस्थानाचा संशयही येत नाही.

याचे एक बोलके उदाहरण पाहण्याजोगे आहे. एखाद्या वृद्धाला एवढेच आठवते, की एक एकलकोंडा विणकर होता. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला, म्हणून तो गाव सोडून दुसऱ्या गावी गेला. तेथे माग चालवून त्याने मोहरा साठविल्या. रात्री तो त्या मोजीत बसे. एके दिवशी त्या चोरीस गेल्या. पुढे एक पोरकी चिमुकली मुलगी आपल्या पायांनी त्याच्या घरात आली, आणि त्या मुलीने गेलेल्या सोन्याची जागा भरून काढली. पुस्तकाचे नाव आठवत नाही. परंतु इंग्रजी वाङ्मय जाणणाऱ्या कोणासही ही कथा सांगितली की तो तत्काळ म्हणेल, ही जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर'. ती कादंबरी १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. मग मराठीत ती कोणी आणली एवढाच शोध उरतो, आणि तो साने गुरुजींच्या 'गोड गोष्टीं'पाशी येऊन थांबतो. त्यातील 'मनूबाबा' ही तीच कथा. ज्या वृद्धाला इंग्रजीचा गंधही नाही त्याच्या पुस्तकाची वाट इंग्रजीतून जाते, हे ऐकावयास चमत्कारिक वाटेल; परंतु मराठी बालवाङ्मयाच्या बाबतीत ही वाट पुष्कळदा सर्वांत जवळची ठरते.

असे असले तरी स्मृतीवर डोळे मिटून विश्वास टाकणे इष्ट नव्हे. स्मृती दोन पुस्तकांचे एक पुस्तक करते. एका पुस्तकातले चित्र दुसऱ्या पुस्तकातल्या गोष्टीला चिकटते. आजीने चुलीपुढे सांगितलेली कहाणी छापील वाटू लागते. पुस्तकाचा तांबडा पुठ्ठा हा पुढे कोणीतरी बांधून घेतलेला असतो. म्हणून आठवणीतील सर्व खुणांना सारखे महत्त्व देऊ नये. जी खूण सर्वसाधारण आहे ती बाजूस ठेवावी. राजा होता, राणी होती, राक्षस होता, यांवरून काही सिद्ध होत नाही. जी खूण विचित्र आहे, जी दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत असणे कठीण आहे, तीच धरून चालावे. विणकराने मोहरा मोजणे ही खूण बरी. मोहरांच्या जागी मूल येणे ही खूण पक्की. सापडलेल्या पुस्तकात ही पक्की खूण जुळली नाही तर बाकी सर्व जुळूनही ते पुस्तक आपले नव्हे, असे निर्धाराने म्हणावे. सापडण्याची उत्कंठा मोठी असते, आणि उत्कंठेच्या भरात मन दुसऱ्याचेच पुस्तक आपले म्हणून स्वीकारते.

आता साधनांकडे वळू. सर्वांत जुने आणि विश्वसनीय साधन आपल्या हाती आले ते मुलांवरील प्रेमामुळे नव्हे, तर परकी सरकारच्या जागरूकतेमुळे. हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांवर नजर असावी म्हणून १८६७ मध्ये छापखाने व पुस्तकांची नोंदणी यासंबंधी २५ क्रमांकाचा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागे, आणि दर तिमाहीस प्रसिद्ध होणाऱ्या यादीत तिची नोंद होई. नोंदीत पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, प्रकाशक, तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, आणि पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळेवर, एवढा तपशील असे. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल, की आपण एखाद्या वृद्धाच्या बालपणाचा पुरावा लिहून ठेवीत आहोत. परंतु 'चार आणे, लहान आकार, पाने चाळीसएक' एवढेच ज्याला आठवते, त्याच्या उपयोगी ही यादी जशी पडते तशी दुसरी कोणतीही पडत नाही. त्याच्याही पूर्वीच्या काळासाठी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी केलेली, १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात निघालेल्या पुस्तकांची यादी आहे. आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांची सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या सरकारी याद्या झाल्या. मराठी माणसाने मराठीसाठी केलेले काम म्हणजे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके आणि दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० पर्यंतची पुस्तके विषयवार लावलेली आहेत. दीडशे वर्षांत मराठीत जे जे छापले गेले त्याची नोंद करावयाची, आणि तीही यंत्राच्या साहाय्यावाचून, हे काम एखाद्या संस्थेलाही भारी वाटावे असे होते. त्याचा भार एका सूचिकाराने आपल्या खांद्यावर घेतला. पुढे मराठी नियतकालिकांचीही सूची तयार झाली, आणि ग्रंथसूचीची परंपरा नंतरच्या सूचिकारांनी चालविली. कादंबरीकाराचे नाव लोकांच्या तोंडी असते. सूचिकाराचे नाव ग्रंथपालाशिवाय फारसे कोणी घेत नाही. तरीसुद्धा ज्या दिवशी आपल्याला आपले हरवलेले पुस्तक हवे असते त्या दिवशी कादंबरीकार आपल्या उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो सूचिकारच.

सूचीत नाव सापडले म्हणजे प्रत शोधणे आले. सुप्याच्या माणसाला जवळची स्थाने दोन. एक बेळगाव, जेथे मराठी वाचनालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. आणि दुसरे पणजी, जेथील मध्यवर्ती ग्रंथालयाचा प्रारंभ १८३२ चा आहे. मुंबईस १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यास त्याच्याही पाच वर्षे अगोदर निघालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुण्यास नगर वाचन मंदिर ही मोठी माहेरघरे. १९५४ च्या कायद्यानंतरची पुस्तके मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असणे अपेक्षित आहे. अलीकडे अनेक जुन्या मराठी पुस्तकांची पाने यंत्राने टिपून इंटरनेटवर ठेवण्यात आली आहेत, आणि 'किशोर'चे जुने अंकही तेथे वाचता येतात. ही सोय मोठी आहे. पण तेथेही पुस्तकाचे नाव रोमन लिपीत वाटेल तसे लिहिलेले असते, म्हणून एकाच नावाची चार-पाच रूपे घालून पाहावी लागतात. ग्रंथपालाला विचारताना मात्र 'लहान मुलांचे एक जुने पुस्तक हवे' असे विचारू नये. 'साधारण १९४५ ते १९५५ मधले, आण्यांत किंमत असलेले, विणकराची गोष्ट असलेले' असे विचारावे. प्रश्न जितका नेमका, तितका ग्रंथपालाचा उत्साह अधिक.

पुस्तक सापडल्यानंतर काय होते? पुष्कळदा पहिला अनुभव निराशेचा असतो. आठवणीत जे पुस्तक जाडजूड होते ते हाती येते तेव्हा चाळीस पानांचे निघते. ज्या चित्राने रात्रीची झोप उडविली ते लाकडी ठशाचे, काळपट, अर्धवट उमटलेले असते. जे वाक्य आपण आयुष्यभर म्हणत आलो ते पुस्तकात तसे नसतेच. परंतु ही निराशा फार काळ टिकत नाही. पाने उलटताना शेजारच्या बाकावरचा सोबती आठवतो, मास्तरांचा आवाज आठवतो, शाळेच्या दारातून दिसणारी नदी आठवते. सुप्यातील शाळेचे जे काही शिल्लक राहिले आहे ते अशाच ठिकाणी राहिले आहे. दुसरीकडे ते पाहावयास मिळणार नाही.

एका प्रतीचे मोल किती असते याविषयी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एक ठळक दाखला आहे. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये छापला गेला आणि पुढे लोकांच्या विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा नव्वदांहून अधिक वर्षे लोटली होती. आज त्या पुस्तकावाचून एकोणिसाव्या शतकातील स्त्रीविषयक विचारांचा इतिहास लिहिताच येणार नाही. पुस्तकाची प्रत नष्ट झाली असती तर इतिहासाचे ते पान कोरेच राहिले असते. तिसरीचे पुस्तक म्हणजे 'स्त्रीपुरुष तुलना' नव्हे, हे खरे. परंतु एका पिढीने लहानपणी काय वाचले, कशाला ती हसली, कशाला भ्याली आणि देश म्हणजे काय असे तिला शिकविले गेले, हे जाणावयाचे असेल तर इतिहासकाराला त्या तिसरीच्या पुस्तकाकडेच यावे लागेल. बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी हे रा. भि. गुंजीकर यांचे गाव; मराठीतील आद्य ऐतिहासिक कादंबरी समजली जाणारी 'मोचनगड' त्यांनी लिहिली. ती १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि अभ्यासकांनी ती जतन केली. त्याच रानाच्या पलीकडील अंगास, सुप्यात, मुलांनी जे वाचले त्याची नोंद मात्र कोणीही ठेवलेली नाही.

ही नोंद ठेवण्याची वेळ अजून पुरती गेलेली नाही, पण फारशी उरलेलीही नाही. १९५६ पूर्वी सुप्यात मराठी पहिली-दुसरी शिकलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. धरणापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत तेथे शिकलेली मुलेही आता पन्नाशी-साठीची झाली. रामनगर, जोयडा, हल्याळ, दांडेली, बेळगाव आणि गोवा येथे ही माणसे विखुरलेली आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांना वर सांगितलेले प्रश्न विचारावेत. किंमत काय होती, टिंबे होती काय, मोडी होती काय, चित्र कशाचे होते, पुस्तक कोणी दिले, शेवट काय झाला, हे विचारून मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, वहीत उतरावीत. तारीख घालावी, गाव घालावे, इयत्ता घालावी. घरात एखादे जुने पुस्तक निघाले तर आतल्या पानावरील बक्षिसाची चिठ्ठी फाडून टाकू नये. पुस्तकापेक्षाही ती मोलाची असू शकेल. आणि पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी त्याचे नाव, छापखाना, वर्ष व किंमत एका कार्डावर लिहून ते कार्ड जवळच्या ग्रंथालयात द्यावे. दाते यांची सूची शेवटी अशाच एकेका पुस्तकाच्या नोंदीतून उभी राहिली.